एक मोहीम, दोन सेनापती

बंगळूर शहरातून होसूरकडे जाणारा हमरस्ता दक्षिणेस बराच पुढे गेला, की कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन गावे लागतात. या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर १९७८ साली कर्नाटक सरकारच्या ‘केओनिक्स’ या महामंडळाने उद्योगांची एक वसाहत वसविली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही वसाहत ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ या नावाने पुढे जगभर ओळखली जाऊ लागली. इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्यांची विस्तीर्ण आवारे येथे आहेत. यांपैकी विप्रो कंपनीने २००८ सालच्या एप्रिल महिन्यात एक प्रयोग केला. माहिती-तंत्रज्ञान व्यवसायाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे एकच पद तिने गिरीश परांजपे आणि सुरेश वासवानी या दोघांच्या हाती मिळून सोपविले. कंपनीचे अध्यक्ष अझीम प्रेमजी दोघांच्याही वर होतेच. तथापि एका आसनावर दोघांना बसविण्याचा हा प्रकार पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे लोकांचे जुने मत. आणि जुनी मते सहसा उगीच बनलेली नसतात.

हा प्रश्न व्यापारापुरता नाही. ज्या देशातील गिऱ्हाइकांवर या वसाहतीचा मोठा व्यवहार चालतो, त्या अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉलमध्ये याच प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या वाद चालत आला आहे. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील पायाने खेळण्याचा खेळ नव्हे. त्यात प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू एका खेळाडूच्या हाती येतो. तो फेकावा, दुसऱ्याच्या हाती द्यावा की स्वतः घेऊन धावावे, हे क्षणार्धात ठरवून तो डाव पुढे नेतो. त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. १८८० साली वॉल्टर कॅम्प याने या खेळाचे नियम बदलून घेतले, तेव्हापासून या स्थानाला आजचे महत्त्व येऊ लागले. संघात या जागेला योग्य असे दोन खेळाडू असले, म्हणजे शिक्षकापुढे पेच पडतो. एकाला निवडावे, की दोघांना आलटूनपालटून उतरवावे? ज्याच्यापाशी दोन क्वार्टरबॅक आहेत त्याच्यापाशी एकही नाही, अशा अर्थाची म्हणच तिकडे रूढ आहे.

परंतु या म्हणीला अपवाद सापडतात, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. १९९७ सालच्या नोव्हेंबरात फ्लोरिडा विद्यापीठाचे शिक्षक स्टीव्ह स्परिअर यांनी बलाढ्य फ्लोरिडा स्टेट संघाविरुद्ध डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडिस या दोघांना चालीगणिक बदलून खेळविले. प्रत्येक खेळाडू मैदानात उतरताना शिक्षकाचा ताजा हुकूम घेऊन जात असे. फ्लोरिडाने तो सामना ३२ विरुद्ध २९ गुणांनी जिंकला. २००६ सालच्या हंगामात त्याच विद्यापीठाने ख्रिस लीक या मुरब्बी फेकणाऱ्याच्या जोडीला टिम टीबो या तरुण, अंगापिंडाने मजबूत धावणाऱ्यास ठेवले, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. उलट व्यावसायिक खेळात, १९७१ सालच्या ऑक्टोबरात, डॅलस संघाचे टॉम लँड्री यांनी क्रेग मॉर्टन आणि रॉजर स्टॉबॅक यांना असेच चालीगणिक बदलले, तेव्हा त्यांचा संघ शिकागोकडून हरला. त्यानंतर त्यांनी एकट्या स्टॉबॅकवर भिस्त ठेवली, आणि हंगामाच्या अखेरीस विजेतेपद त्यांच्याच पदरात पडले. म्हणजे दोघांना एका जागी नेमण्याने कधी यश आले, कधी अपयश. हे कशावर अवलंबून राहते, ते पाहण्यास खेळाच्या मैदानापेक्षा रणांगण अधिक उपयोगी. आणि असे एक रणांगण याच बंगळूर-म्हैसूरच्या मुलखात आहे. तेथे मराठ्यांनी एका मोहिमेवर दोन सेनापती धाडले होते.

१७९० सालच्या जून महिन्यात पुणे दरबार आणि इंग्रजांची कंपनी यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला. हैदराबादचा निजामही लौकरच त्यात सामील झाला. जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यावयाचा, असे ठरले. पुण्याचा कारभार तेव्हा नाना फडणीसांच्या हाती होता. नानांनी या युद्धासाठी प्रथम परशुरामभाऊ पटवर्धनांना रवाना केले. ऑगस्टमध्ये भाऊंची फौज कृष्णा उतरून कर्नाटकात शिरली. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटल याची इंग्रजी पलटण तिच्याबरोबर होती. पुढे १७९१च्या जानेवारीत हरिपंत फडके दुसरी मोठी फौज घेऊन पुण्याहून निघाले.

ही दोन माणसे एका साच्यातली नव्हती. परशुरामभाऊ हे मोठ्या जहागिरदार घराण्याचे, जन्मजात लढवय्ये. टिपूशी त्यांचे वैर घरचे होते. हैदराशी झालेल्या युद्धात १७७७ साली सावशीच्या लढाईत त्यांचे चुलतबंधू पांडुरंगराव शत्रूच्या हाती सापडले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारले. तुंगभद्रेच्या अलीकडचा जो मुलूख टिपूने गिळला होता, त्यात पटवर्धनांचे हितसंबंध गुंतलेले होते. नरगुंदच्या ज्या भावे घराण्याचा टिपूने १७८५ साली उच्छेद केला, ते पटवर्धनांचे आप्त. हरिपंत तात्या हे याच्या उलट. कारकुनी पेशातून चढत आलेले, बारभाईंच्या कारस्थानापासून नानांच्या अंतर्वर्तुळातले, सावध, हिशेबी आणि वाटाघाटींत निष्णात. १७८६ साली टिपूवरील मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले होते. तेव्हा शत्रूचा अनुभव दोघांनाही होता. एक तलवारीचा धनी, दुसरा मसलतीचा. नानांनी जाणूनबुजून अशी जोडी लावली असेल, तर निवडीत खोट काढता येत नाही. एखाद्या एकाच सरदाराच्या हाती एवढी सेना आणि एवढे यश पडू नये, हाही विचार पुणे दरबारला परका नव्हता.

प्रारंभी मात्र ही जोडी जोडी म्हणून वावरलीच नाही. परशुरामभाऊ धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले. टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान चिवट निघाला. सप्टेंबर १७९०मध्ये पडलेला वेढा एप्रिल १७९१पर्यंत लांबला. भाऊंबरोबर असलेला लेफ्टनंट एडवर्ड मूर याने या वेढ्याची हकीकत लिहून ठेविली आहे. तोफ एकदा डागली, की गोलंदाज बसून गप्पा मारीत, हुक्का ओढीत आणि सावकाश पुन्हा तोफ भरीत, हे पाहून त्या इंग्रज अधिकाऱ्याचा जीव कासावीस झाला. मदतीस आलेला कर्नल फ्रेडरिक वेढा चालू असतानाच मरण पावला. भाऊंच्या दृष्टीने पाहिले तर हा उशीर निष्फळ नव्हता. धारवाड हाती आल्याने तुंगभद्रेच्या उत्तरेकडील प्रदेशाची किल्लीच मिळाली. परंतु युद्धाचे मर्म श्रीरंगपट्टण होते, आणि तेथे जाण्याच्या दृष्टीने तो सबंध हिवाळा फुकट गेला.

या अवधीत तिसरा एक सेनापती मैदानात उतरला होता, आणि त्याची कथा या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. तो म्हणजे कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हाच कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात लढत होता, आणि त्याचा वरिष्ठ क्लिंटन न्यूयॉर्कमध्ये बसून हुकूम सोडीत होता. दोघांचे बेत जुळले नाहीत, पत्रे वेळेवर पोचली नाहीत, आणि १७८१च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसला शरण जावे लागले. हिंदुस्थानात येण्याचे त्याने पत्करले ते १७८६ साली, गव्हर्नर-जनरल आणि सरसेनापती ही दोन्ही पदे एकट्याकडे येण्याचे ठरले तेव्हा. कौन्सिलचा निर्णय बाजूला सारण्याचा अधिकारही त्याला मिळाला होता. टिपूविरुद्ध पहिल्या वर्षी मद्रासचा जनरल मेडोज याला यश येईना, तेव्हा १७९१च्या आरंभी त्याने स्वतःच फौजेची सूत्रे हाती घेतली. मार्चमध्ये बंगळूरची पेठ आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेच्या रात्री बंगळूरचा किल्ला त्याने काबीज केला. दुभंगलेल्या हुकमतीची किंमत ज्याने मोजली होती, त्याच्या हाती आता एकसंध हुकमत आली होती.

तरीही मे महिन्यात तोच कॉर्नवॉलिस संकटात सापडला. १५ मे रोजी श्रीरंगपट्टणानजीक अरिकेरे येथे त्याने टिपूवर मात केली. पण पावसाळा तोंडावर आला होता, छावणीत धान्य उरले नव्हते, तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते. वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हातांनी फोडून २६ मे रोजी त्याने माघार घेतली. त्या दिवशीच्या वाटचालीत अकस्मात घोडेस्वारांची एक टोळी दिसली. शत्रू आला असे समजून इंग्रज फौज सज्ज झाली. आणि मग कळले, की हे मराठ्यांचे आघाडीचे स्वार आहेत. परशुरामभाऊ आणि हरिपंत यांच्या दोन्ही फौजा एकत्र होऊन जवळ येऊन ठेपल्या होत्या. टिपूच्या हेरांनी आणि हलक्या स्वारांनी वाटा अशा रोखल्या होत्या, की एवढ्या मोठ्या सैन्याची वार्ता कॉर्नवॉलिसला पोचलीच नव्हती. चार दिवस आधी ती मिळती, तर तोफा फोडण्याची पाळी कदाचित आली नसती.

मराठ्यांच्या छावणीबरोबर चालणारा बाजार पाहून इंग्रज थक्क झाले. धान्यापासून भारी कापडापर्यंत सर्व काही तेथे होते. भाव मात्र जबर होते. उपासमारीच्या काठावर पोचलेली कंपनीची फौज या बाजाराने जगविली. हरिपंतांनीही संधी साधली: खर्चाची तोशीस पुढे करून त्यांनी कॉर्नवॉलिसकडून बारा लक्ष रुपये कर्जाऊ मिळविले, आणि ते उभे करण्यास कंपनीला चीनच्या व्यापाराकडे निघालेले द्रव्य वळवावे लागले. मोहिमेतील हा काळ मराठ्यांच्या दृष्टीने सर्वांत भरभराटीचा होय. दोन सेनापती एका छावणीत होते. एकाचे घोडदळ आणि दुसऱ्याची मसलत परस्परांना पूरक पडत होती. ज्यांना दोघांची जोडी कधीच यशस्वी होत नाही असे वाटते, त्यांनी १७९१चा हा उन्हाळा आठवावा.

पण जोडी टिकली नाही. पावसाळ्यात कॉर्नवॉलिस बंगळूरच्या आसऱ्याने राहून होसूरसारखी ठाणी घेत, कर्नाटकच्या सपाट प्रदेशाकडील आपल्या रसदेच्या वाटा मोकळ्या करीत राहिला. हरिपंत त्याच्याजवळ थांबले. परशुरामभाऊ कॅप्टन लिटलसह वायव्येस चित्रदुर्गाच्या बाजूला निघून गेले. हिवाळ्यात श्रीरंगपट्टणावर पुन्हा चालून जावयाचे. मुंबईची फौज घेऊन जनरल ॲबरक्रॉम्बी पश्चिमेकडून घाट चढून येईल, त्याच्यापाशी घोडदळ नाही, तेव्हा भाऊंनी त्याला जाऊन मिळावे, असा बेत होता. भाऊंचा ओढा निराळा होता. बिदनूरचा संपन्न प्रांत त्यांना खुणावीत होता. २९ डिसेंबर रोजी शिमोग्याजवळ लिटलच्या लहानशा पलटणीने टिपूच्या सरदाराचा पराभव केला, नव्या वर्षाच्या आरंभी शिमोगा पडले, आणि जानेवारीत भाऊंची फौज नगरच्या रोखाने आणखी आत शिरली. श्रीरंगपट्टणाची वाट मागे राहिली.

फेब्रुवारी १७९२च्या आरंभी कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापुढे येऊन उभा राहिला. सहा तारखेच्या रात्री त्याने आपल्या पायदळानिशी टिपूच्या तटबंद छावणीवर हल्ला केला. मित्रसैन्यांना त्याने त्यात घेतले नाही; हरिपंत आणि निजामाचे सरदार छावणीतच होते. ॲबरक्रॉम्बी भाऊंच्या घोडदळावाचूनच येऊन मिळाला. २४ फेब्रुवारीला तहाच्या प्राथमिक अटी ठरल्या: टिपूने अर्धे राज्य द्यावे, तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे, आणि दोन मुलगे ओलीस ठेवावेत. परशुरामभाऊ श्रीरंगपट्टणास पोचले ते मार्चमध्ये, सारे आटोपल्यावर. ज्या शत्रूच्या कैदेत आपला भाऊ मेला, त्याच्या राजधानीवरील अखेरच्या झुंजीस हा शूर पुरुष हजर नव्हता.

याचा दोष कोणाला द्यावा? भाऊंनी कुलाचा स्वार्थ मोहिमेच्या हितापुढे ठेवला, असा ठपका इंग्रज लेखकांनी ठेवला आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे आयुष्य वेचून प्रसिद्ध केली, त्यामुळे पटवर्धन घराण्याकडून या काळाकडे पाहण्याचीही सोय झाली. त्या बाजूने पाहता भाऊंच्या वागणुकीलाही एक तर्क होता. मराठ्यांना हवा होता तो तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख; श्रीरंगपट्टणाच्या तटावर निशाण चढविण्याने तो मिळणारच होता असे नाही. शिवाय टिपूचा समूळ नाश होऊन दक्षिणेत इंग्रज एकटेच प्रबळ व्हावेत, हे पुण्याला नको होते. आणि नफ्यातोट्याचा हिशेब पाहिला, तर मराठ्यांचा वाटा बुडाला नाही. हरिपंत तहाच्या बैठकीला होते, म्हणून भाऊ गैरहजर असूनही तिसरा हिस्सा पदरात पडला आणि मराठी राज्याची सीमा पुन्हा तुंगभद्रेला जाऊन भिडली. एक सेनापती जागेवर नसताना दुसरा होता, हा दोघांना नेमण्याचा लाभच म्हटला पाहिजे.

पण जे गेले, ते जमाखर्चाच्या वहीत मांडता येत नाही. १७९१च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसची फौज मराठ्यांच्या बाजारातल्या धान्यावर जगत होती. नऊ महिन्यांनी तोच कॉर्नवॉलिस मित्रांना छावणीत ठेवून एकट्याच्या बळावर लढाई मारीत होता आणि वाटणी करून देत होता. तीन समान भागीदारांपैकी एक जण या मोहिमेत वडीलकीच्या जागी जाऊन बसला. १७९९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टण पुन्हा वेढून घेतले आणि टिपू पडला, तेव्हा तेथे मराठ्यांची फौज नव्हती.

यात भाऊ आणि हरिपंत यांच्या स्वभावाचा भाग आहे, पण तो मोठा नाही. दोघांत उघड भांडण झाल्याचा पुरावा शोधण्याची गरजच पडत नाही. भांडण न होताही दोघे दोन दिशांना गेले. खरे कारण असे, की दोघांना एकत्र बांधणारा तिसरा पुण्यात होता. नानांची बुद्धी कितीही तीक्ष्ण असली, तरी पुण्याहून निघालेले पत्र शिमोग्याच्या रानात पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असे. स्परिअरचा खेळाडू प्रत्येक चालीपूर्वी शिक्षकाच्या तोंडून हुकूम घेऊन मैदानात जात होता. भाऊंना तो हुकूम शेकडो मैलांवरून येत होता. लीक आणि टीबो यांची कामे वेगळी होती, पण चाल एकच होती. भाऊ आणि हरिपंत एकत्र असताना तसेच घडले. ते पांगले तेव्हा कामाची वाटणी उरली नाही; मोहिमेचीच वाटणी झाली.

या निष्कर्षाला इतिहासाने लौकरच आणखी एक दाखला पुरविला. १७९४ साली हरिपंत फडके वारले. पुढच्या वर्षी निजामाशी युद्ध जुंपले, तेव्हा पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले यांच्या फौजा नानांनी एकत्र केल्या आणि त्या सर्वांचे सेनापतिपद एकट्या परशुरामभाऊंना दिले. नाना स्वतः छावणीत होते. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे निजामाचा मोड झाला, आणि तोही अल्पावधीत. धारवाडपुढे सात महिने अडकलेले आणि श्रीरंगपट्टणास उशिरा पोचलेले भाऊ ते हेच. माणूस बदलला नव्हता. हुकूम देणारा आणि हुकूम बजावणारा यांच्यामधले अंतर नाहीसे झाले होते. पण भाऊ १७९९ साली कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत पडले, नाना १८०० साली वारले, आणि इतक्या फौजा पेशव्यांच्या निशाणाखाली एकवटण्याचा योग पुन्हा आला नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीत आवार असलेल्या त्या कंपनीचा प्रयोगही अखेर संपला. २०११ सालच्या जानेवारीत विप्रोने परांजपे आणि वासवानी या दोघांनाही पदमुक्त करून टी. के. कुरियन या एकट्याच्या हाती ते पद दिले. निरोप देताना कंपनीने जो अभिप्राय दिला, तो मर्मग्राही होता: जगावर आलेल्या आर्थिक मंदीतून तरून जाण्यास दोघांची जोडी उपयोगी पडली, पण पुढच्या काळाला अधिक साधी, सुटसुटीत रचना हवी. संकटात दोन खांदे बरे. वेगाने पुढे जाताना एकच लगाम बरा, असाच त्याचा मथितार्थ.

म्यान आणि तलवारींची म्हण खोटी नाही, पण ती अपुरी आहे. दोन तलवारी चालविणारा योद्धा कोठे नसतो? त्याच्या दोन्ही हातांत दोन पाती असतात, आणि त्या हातांना हलविणारे मन एकच असते. म्हैसूरच्या त्या मोहिमेत पाती दोन्ही उत्तम होती. मन मात्र पुण्याला राहिले होते.